वकीलसाहेबांनी अडवलेलं मयत

एबो क्वान्सा मयताला निघाला की काळा ओव्हरकोट चढवायचा आणि गाडी मुद्दाम चर्चपासून लांब लावायचा. लांबून चालत गेलं की माणसं बघतात. कुणी मान हलवतं, कुणी थांबून हात हातात घेतं, एखादी म्हातारी विचारते, त्या फुटपाथच्या तक्रारीचं पुढं काय झालं रे. दारातच उतरलं की हे सगळं बुडालं. डब्लिनशेजारच्या ल्यूकनच्या लोकांना वाटायचं, हा टॅक्सीवाला किती मायाळू, ओळख ना पाळख आणि मातीला हजर. मायाळू तो होताच. पण त्याहून जास्त तो पुढारी होता. मयत चुकवायचं नाही, हे त्याला आयर्लंडात येऊन शिकावं लागलं नव्हतं. घानातून, केप कोस्टच्या किनाऱ्यावरून तो ते शिकूनच आला होता. इथल्या पुढाऱ्यांनाही तीच खोड आहे हे बघितल्यावर त्याला या थंड देशात पहिल्यांदा जरा घरच्यासारखं वाटलं.

त्याची आई आराबा मासे धुरीवर सुकवून विकायची. किनाऱ्यावर मातीच्या गोल भट्ट्या, वर जाळ्या, जाळ्यांवर मासे, आणि त्या धुरात सकाळपासून वाकलेली बाई. डोळे कायम लाल. त्या लाल डोळ्यांच्या बाईनं पोराला राजधानीत, आक्राला धाडून वकील केलं. वकील झाल्यावर त्यानं पहिली मोठी केस घेतली ती कोळ्यांचीच. मोठमोठे ट्रॉलर किनाऱ्यालगत घुसून गरिबांची जाळी फाडून जात होते. केस जिंकली नाही, हरलीही नाही, नुसती लोंबकळत राहिली. पण तेवढ्यावर कोळ्यांनी त्याला जिल्हा सभेवर निवडून दिलं. मग त्याला खासदारकीची हाव सुटली. पक्षाकडं तिकीट मागितलं, तर ट्रॉलरवाल्यांनी आपला माणूस पुढं केला. तिकीट गेलं, आणि तिकिटामागोमाग अशिलंही गेली. पडलेल्या पुढाऱ्याकडं वकीलपत्र कोण देतो?

बायको एफुआला डब्लिनजवळच्या एका केअर होममध्ये म्हाताऱ्या माणसांचं बघायची नोकरी लागली होती. तिच्या मागून तोही आला. येताना आईला सांगून आला, दोन निवडणुका जाऊ देत, परत येतो आणि उभा राहतो.

इथं त्याची सनद कुणी विचारत नव्हतं. पहिल्यापासून परीक्षा द्या म्हणाले. त्यानं टॅक्सी घेतली. पण वकिली जिभेवरून थोडीच जाते? घरमालक अनामत परत देत नाही, मुलाला शाळेत घेत नाहीत, व्हिसाचं पत्र कळत नाही, असली माणसं त्याच्या मागच्या सीटवर बसायची आणि विमानतळ येईपर्यंत सल्ला घेऊन उतरायची. त्यातून नाव झालं. दोन हजार एकोणीसच्या स्थानिक निवडणुकीला तो एका पक्षाकडून उभा राहिला आणि मोजणीच्या अगदी शेवटच्या फेरीत पडला. पक्षाचा जुना नगरसेवक डिक्लन टूमी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "माझं हृदय काही धड नाही, एबो. मी मुदत पुरी करत नाही. माझी जागा तुझी."

मधेच रिकामी झालेली जागा इथं निवडणूक न घेता पक्षच माणूस देऊन भरतो. हे शेजारच्या बाळासाहेबांना कळलं तेव्हा ते कुंपणापलीकडून ओरडले, "म्हंजी स्वीकृत! मग असं सांगा की, वकीलसाहेब. उगं कशाला एवढं इंग्रजी?"

बाळासाहेब तासगावकडचे. पंचायत समितीचे माजी सभापती. मुलगा अभिजित इथं सॉफ्टवेअरमध्ये, सून पद्मजाही त्यातच. वीसच्या जानेवारीत ते नातीला बघायला म्हणून ल्यूकनला आले आणि मार्चात जग बंद झालं. सभा नाही, चहाची टपरी नाही, नमस्कार घालणारं कुणी नाही. नात रेवा मराठी ऐकायची आणि उत्तर आयरिश इंग्रजीत द्यायची. म्हातारा अगदी पेंगायला आला होता. तेवढ्यात मागच्या बागेतल्या लाकडी कुंपणापलीकडं त्यांना एक माणूस फोनवर हातवारे करून कुणाला तरी पटवताना दिसला. भाषा कळली नाही, पण हात कळले.

"पद्मजा, ह्यो गडी राजकारणी हाय," ते सुनेला म्हणाले.

"बाबा, टॅक्सी चालवतात ते."

"चालवू दे. रिकाम्या हातानं कोण असं हवेत माप काढतंय? ह्यो जागा वाटून घ्यायलाय बग."

तिथून दोघांचं जमलं. बाळासाहेबांचं इंग्रजी मोडकं, अडलं की पद्मजा पुरं करायची. एबोचं इंग्रजी कोर्टातलं, एकेक वाक्य इस्त्री केलेलं. तो त्यांना 'चेअरमन' म्हणायचा, ते त्याला 'वकीलसाहेब'. कुंपणाच्या अलीकडं खुर्ची, पलीकडं खुर्ची. टूमी कधी राजीनामा देईल, पक्षात कोण आडवं येईल, कुणाच्या दारी आधी जायचं, सगळी खलबतं तिथं चालायची. रेवा वरच्या खिडकीतून बघायची आणि आईला सांगायची, "युवर मॅन अँड आजोबा आर ॲट इट अगेन." इथल्या बोलीत 'युवर मॅन' म्हणजे नुसतं 'तो गडी'.

जूनमध्ये आराबा गेली. ताप आला, दोन दिवस झोपली, उठली नाही. कसला ताप ते कुणी नीट सांगितलं नाही.

आता तिकडची रीत सांगायला हवी. एबोच्या फॅन्टी लोकांत मूल आईच्या घराण्याचं. त्या घराण्याचा एक कारभारी असतो आणि मयताचा शब्द त्याचा. आराबाच्या घराण्याचा कारभारी तिचा थोरला भाऊ, म्हणजे एबोचा मामा. त्याला सगळे नाना म्हणत. ("नाना? मग आपल्यातलाच की!" बाळासाहेब.) आणि मयत तिकडं लगेच उरकत नाहीत. शवागारात ठेवतात, लांबलांबची माणसं येईपर्यंत आठवडे जातात, महिने जातात. मग तंबू, बँड, काळेलाल कपडे, मोठाल्या फलकांवर मेलेल्या माणसाचा फोटो, आणि गावोगावचे पुढारी. माणसाची पत किती ते त्याच्या मयतावरून मोजतात. त्याच्या मुलाची पतसुद्धा.

पण त्या वर्षी घाना सरकारनं मयताला पंचवीसच माणसं नेमून दिली होती, आणि विमानतळ बंद होता. नानांनी फोनवर सांगितलं, "आराबाला ठेवत नाही. काळ वाईट आहे. पंचवीस तर पंचवीस. येत्या शनिवारी माती देतो. तू तिकडून प्रार्थना कर."

एबो कुंपणापाशी आला तेव्हा त्याचा चेहरा सुजलेला होता.

"पंचवीस?" बाळासाहेब म्हणाले. "अवो, पंचवीस माणसं आमच्याकडं नुसता मांडव घालाय लागत्यात."

"माझ्या आईनं गावातल्या प्रत्येक मयताला मासे पाठवले, चेअरमन. प्रत्येक. आणि तिला चोरासारखी न्यायची?"

"थांबवा. पुढाऱ्याची आई अशी गपचीप जात नसती. तुमी गेल्याबिगर कशी माती देत्यात त्ये?"

त्यांनी ते सहानुभूतीनं म्हटलं, आणि सभापतीच्या सवयीनंही म्हटलं. एबोला तेवढा टेकू पुरला. केप कोस्टला त्याचा जुना ज्युनिअर होता, योआ नावाचा. त्याच्याकरवी त्यानं कोर्टातून स्टे आणला: थोरला मुलगा हजर होईपर्यंत आराबाचं दफन करू नये. तिकडं मयतावर स्टे आणणं नवलाचं नाही, भाऊबंद एरवीही आणतात. पण आपल्याच मामावर, घराण्याच्या कारभाऱ्यावर, परदेशात बसून कुणी आणला नव्हता.

नानांनी एकदाच फोन केला. म्हणाले, "कागद मिळाला." आणि ठेवला.

एफुआला हे कळलं ते योआच्या बायकोकडून. त्या दिवशी ती केअर होममधून आली, बागेत आली, आणि बाळासाहेब आणि पद्मजा पलीकडं बसलेत याची पर्वा न करता नवऱ्याला म्हणाली, "आज एक बाई गेली. तिची लेक खिडकीबाहेर उभी होती, काचेला हात लावून. आठवडाभर माझ्यासमोर हेच चाललंय. त्या पोरींना आत जाता येत नाही म्हणून त्या रडतात. आणि तू आईला माती मिळू देत नाहीस."

"मी तिला मानानं पोचवणार आहे."

"मान तिला हवाय की तुला? तंबू घालशील, फलक लावशील, खाली लिहिशील, डब्लिनहून आलेले नगरसेवक. मला काय कळत नाही?"

पद्मजा हे सासऱ्याला मराठीत सांगेना. बाळासाहेबांनी विचारलंही नाही. उठले, खुर्ची घडी केली आणि आत गेले.

सप्टेंबरात घानाचा विमानतळ उघडला. एबोनं तिकिटं बघायला घेतली, त्याच आठवड्यात टूमीनं राजीनाम्याची भाषा सुरू केली. पक्षाची स्थानिक बैठक ऑक्टोबरात होणार, तीत नाव ठरणार.

"गेलास तर येशील कधी?" टूमी म्हणाला. "परत आल्यावर घरात कोंडून घ्यावं लागेल. लोक काय म्हणतील? या दिवसात परदेशात फिरून आलेला माणूस म्हणून तुझ्याच नावावर बोट ठेवतील. थोडं थांब. एकदा खुर्चीत बसलास की जा ना, मग सगळं ग्रँड."

थांबावं की जावं? एबो कुंपणापाशी येऊन बसला. या खेपेला बाळासाहेबांनी सभापतीचा सूर लावला नाही.

"वकीलसाहेब, जावा," ते म्हणाले. "खुर्ची परत मिळती."

"मला परत मिळत नाही, चेअरमन. तुम्हाला मिळत असेल. मी इथं एकदाच मागू शकतो. आणि खुर्ची घेऊन गेलो तर नानासुद्धा काही बोलणार नाहीत. नगरसेवक झालेल्या भाच्याला कोण बोलतं?"

हे मात्र बाळासाहेबांना खोटं ठरवता येईना. त्यांच्याकडंही असंच असतं.

तो थांबला. ऑक्टोबरात बैठक स्क्रीनवर झाली. एबोनं टाय बांधला, मागं भिंतीवर घानाचं विणलेलं कापड लावलं. टूमीनं त्याच्या कामाची तोंड भरून स्तुती केली, समाजाला असल्या माणसांची गरज आहे म्हणाला, आणि मग नाव सुचवलं ते आपल्या पुतणीचं. हात वर झाले. कुणी तरी म्हणालं, एबो, तू म्यूटवर आहेस. तो म्यूटवर नव्हता. तो काही बोलतच नव्हता.

त्यानं संध्याकाळीच नानांना फोन लावला. उचलला नानांच्या भालदारानं. तिकडं कारभारी थेट बोलत नाही, त्याचा शब्द दुसरा माणूस पुढं करतो. घरगुती फोनवर हा थाट नानांनी याआधी कधी केला नव्हता. भाच्यासाठी आता केला.

"सांगा नानांना," एबो म्हणाला, "मी स्टे मागं घेतो. पंचवीस माणसांत द्या माती. मी येतो."

पलीकडं कुजबुज झाली. मग भालदार म्हणाला, "नाना म्हणतात, बाई घराण्याची होती. तू ती कोर्टाची केलीस. आता कोर्टालाच सांग माती द्यायला."

योआनं स्टे उठवून घेतला, तो काही अवघड नव्हता. पण शवागारवाले देह कारभाऱ्याशिवाय कुणाच्या हाती देईनात, आणि कारभारी घेईना. आराबा तिथंच. डिसेंबराच्या तोंडाला शवागाराची नोटीस लागली. जागा कमी पडतेय, ज्या देहांना कुणी वाली नाही ते जानेवारीअखेर एकाच खड्ड्यात पुरले जातील. नोटिशीत आराबाचं नाव होतं. वाली नाही.

योआनं नोटिशीचा फोटो पाठवला. एबो तो पुन्हापुन्हा बोटांनी मोठा करून बघायचा, जसं काही नाव दुसरंच निघेल.

त्यानं टॅक्सीचं लायसन गहाण पडलं तरी चालेल म्हणून तिकीट काढलं. विमानात बसायला चाचणी लागायची. एफुआच्या केअर होममध्ये तेव्हा खोलीखोलीत कोरोना शिरला होता. तिची चाचणी आधी आली, मग त्याची. दोघांनाही लागण. त्याला धड खोकलासुद्धा नव्हता. पंधरवडा घरात काढला, पुन्हा चाचणी केली. पुन्हा लागण. डॉक्टर म्हणाले, रोग गेलाय, खुणा राहिल्यात, कुणाकुणाला महिना-दोन महिने राहतात, तुमच्यापासून कुणालाही धोका नाही. "मग तसं लिहून द्या," एबो म्हणाला. त्यांनी दिलंही. विमान कंपनीनं ते वाचलं नाही. तिला निगेटिव्ह हवं होतं. तिसरी चाचणी. चौथी. नाकात काडी घालणारी पोर त्याला ओळखू लागली, आणि तिच्या डोळ्यांतली दया बघून तो गाडीत बसून हुंदके देऊन रडला. जन्मभर युक्तिवाद करत आलेला माणूस, आता स्वतःच्या नाकाशी काय युक्तिवाद करणार?

जानेवारी निम्मा सरला. पाच किलोमीटरच्या बाहेर जायची बंदी, घरात कुणी परकं यायची बंदी. एबो दाढी करेनासा झाला. एफुआ बरी होऊन कामावर परत गेली होती. जाता जाता ती पद्मजाला कुंपणाशी म्हणाली, "याला एकटं सोडताना मला भीती वाटते. तुझ्या सासऱ्याला सांग, याच्याशी बोलत बसा."

पद्मजानं ते मात्र सांगितलं. बाळासाहेब कानटोपी घालून बाहेर आले.

"वकीलसाहेब, तुमच्याकडं माफी कशी मागत्यात?"

एबोनं वाढलेल्या दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "दारूची बाटली ठेवायची. कारभाऱ्याच्या पुढ्यात. पण ज्यानं चूक केली त्यानं तोंड उघडायचं नाही. त्याच्या वतीनं कुणी तरी वडीलधारं बोलायचं. माझ्या वतीनं बोलणारं घराण्यात कुणी नाही. नानांच्या विरुद्ध कोण जाईल?"

"घराण्यातलंच लागतंय?"

"वडीलधारं लागतं."

"मग मी काय पोर हाय व्हय?"

पद्मजा म्हणाली, "बाबा, अहो, काय बोलणार तुम्ही? ते कोण, आपण कोण?"

"त्येच तर बोलणार. आगं, हितं बसून मीच त्याला थांबवा म्हनलं. जूनमधी. कुटल्या तोंडानं आता गप बसू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी योआ बाटली घेऊन नानांच्या ओसरीवर गेला. हिरवी, डच दारूची, तिकडं मानाची. फोन त्यानं समोर धरला. इकडं ल्यूकनला भुरभुर पाऊस होता. पद्मजानं फोन कुंपणाच्या खांबाला टेकवून धरला. अलीकडं बाळासाहेब, धोतर, कोट, पायात अभिजितचे बूट. पलीकडं एबो खाली मान घालून. स्क्रीनवर नाना होते, खांद्यावरून कापड घेतलेले, हाडकुळे, बाजूला भालदार. बाळासाहेबांनी हात जोडले. नाना हलले नाहीत.

बाळासाहेब मराठीत बोलले. पद्मजानं त्याचं इंग्रजी केलं, भालदारानं त्याचं फॅन्टी. नानांना इंग्रजी चांगलं येत होतं, तरी त्यांनी फॅन्टी झाल्याशिवाय काही ऐकलं नाही.

"नाना, राम राम. मी लांबचा माणूस. ह्या पोराचा शेजारी. आमच्यात कुंपण हाय, पर मी त्याला वरीसभर बघतोय. त्यानं तुमचा अवमान केला. हुशार हाय, म्हणून जास्त केला. अडाणी असता तर नुसता रडला असता आन् गप बसला असता. ह्यानं कोर्ट आणलं. आन् त्याला थांबवा म्हणून सांगणारा म्हातारा मी हाय. मला तुमची रीत ठावं न्हवती. मला नुसता मांडव दिसला. तवा निम्मी बाटली माझ्यातर्फे धरा. पर त्या माउलीला वाली न्हाई असं कागदावर लिवलंय नाना, त्ये बगवत न्हाई. तुमी हाय ना वाली? एवढंच इचारतो."

 पद्मजानं शेवटचं वाक्य दोनदा सांगितलं.

नानांनी बाटली जरा आपल्याकडं ओढली. मग भालदाराकडं न बघता, सरळ इंग्रजीत म्हणाले, "त्याला मान वर करू दे."

एबोनं मान वर केली.

"एकच विचारतो. वकिलासारखं सांगू नको. सप्टेंबरात विमानं सुरू झाली. तू का आला नाहीस?"

योआला आणि एफुआला एबोनं याची कितीतरी कारणं सांगितली होती. परत येण्याचे नियम, पैसे, टॅक्सी, आजार. 

"मला जागा मिळणार होती," तो म्हणाला. "मला नगरसेवक होऊन यायचं होतं. लोकांनी बघावं म्हणून."

"आणि आराबा?"

"ती थांबेल असं वाटलं."

"ती थांबली," नाना म्हणाले.

त्यांनी बाटली उघडायला लावली. थोडी जमिनीवर ओतली, पूर्वजांची नावं घेतली, घोट घेतला. मग पुन्हा भालदाराला पुढं केलं, आणि भालदारानं निवाडा सांगितला. पाहुण्या वडीलधाऱ्यानं शब्द टाकला, तो घराण्यानं घेतला. बाईला गुरुवारी शवागारातून सोडवू आणि शनिवारी माती देऊ. पंचवीस माणसांत. फलकावर तिच्या लेकरांची नावं लागतील, त्यात एबोचं लागणार नाही. फोनवरून त्याला काही दाखवायचं नाही. पुढं कधी तो गावी आला तर त्याला कुणी हाकलणार नाही. पण घराण्याच्या कुठल्याही कामात त्याला कुणी बोलावणारही नाही.

एबो म्हणाला, "मेडासे, नाना." म्हणजे आभार. योआनं फोन बंद केला.

बाळासाहेबांना वाटलं होतं, आपण जिंकलो. पद्मजानं निवाडा मराठीत सांगितला तेव्हा ते कुंपण धरून उभे राहिले. "बोलावणार न्हाईत म्हंजी... गेलाच की गडी. गावातनं गेला." तिकडं उभं राहायचं, निवडून यायचं, आईला दिलेला तो शब्द, सगळं एका निवाड्यात गेलं होतं, आणि ते राजकारण्याला समजावून सांगावं लागत नव्हतं.

"मिळाली ना माती तिला," एबो म्हणाला. "तेवढंच मागितलं होतं आपण."

शनिवारी सकाळी एफुआला सुट्टी मिळाली नाही. एबोनं काळेलाल कापड अंगाभोवती घेतलं आणि तो मागच्या बागेत येऊन बसला. माती किती वाजता देणार ते त्याला कुणी कळवलं नव्हतं. म्हणून तो उजाडल्यापासून बसला होता, कधीही होऊ शकतं म्हणून. बाळासाहेबही आपल्या बाजूला बसले. पद्मजानं दोनदा चहा आणून कुंपणावर ठेवला, दोन्ही वेळा गार झाला.

दुपार कलल्यावर योआचा फोन आला. झालं, म्हणाला. नीट झालं. पाद्री चांगला होता.

"माझ्या जागी माती कुणी टाकली?" एबोनं विचारलं. थोरल्या मुलाची पहिली मूठ असते.

"कुणीच नाही. तुझा धाकटा भाऊ पुढं झाला, तर नानांनी त्याला काठीनं मागं केलं. तुझी जागा मोकळीच ठेवली शेवटपर्यंत. सगळे बाजूनं उभे राहिले. खड्ड्याच्या डोक्याकडं कुणी गेलंच नाही."

"काही म्हणाले नाना?"

"नाही."

एबोनं फोन खाली ठेवला आणि झालेलं सगळं शब्दाला शब्द बाळासाहेबांना सांगितलं. मग विचारलं, "चेअरमन, तुम्ही इतकी वर्षं माणसं ओळखलीत. ही शिक्षा म्हणायची की माया?"

बाळासाहेबांनी पद्मजाकडून प्रश्न दोनदा ऐकून घेतला. बराच वेळ कानटोपी काढून हातात फिरवली.

"मला न्हाई कळत, वकीलसाहेब," ते म्हणाले. "खरंच न्हाई कळत."

पाऊस वाढला. पद्मजा म्हणाली, बाबा, आत चला, भिजताय. बाळासाहेब उठले नाहीत. पलीकडचा माणूस मान खाली घालून, उजव्या हाताची मूठ उघडत होता, मिटत होता, आणि तो उठेपर्यंत त्यांना उठता येत नव्हतं.